विषय निवडताना सीनियर्सची मतं कशी वाचायची

मोठ्या सरकारी विद्यापीठात विषय निवडायची वेळ आली की सगळेच सीनियर्सना विचारत सुटतात, आणि विचारणारच ना, एकेका वर्गात दोनतीनशे मुलं, शिकवणाऱ्यांना तुमचं नाव माहीत असायची शक्यता कमी, सिलॅबसच्या पीडीएफमध्ये युनिट आणि मार्कांची विभागणी असते पण वर्गात नक्की काय होतं ते कुठेच नसतं. मग आधीच्या मुलांनी सांगितलेलं तेवढंच हातात उरतं. ते कामाचं असतं, मी स्वतः अजून विचारतो, पण कसं विचारायचं आणि ऐकलेल्यातलं काय धरायचं हे मला फार उशिरा कळलं म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, शेरा सोडा आणि वर्णन धरा. "सर भारी आहेत", "मॅडम खडूस आहेत", "विषय बेकार आहे" यातून सांगणाऱ्याचा मूड कळतो, विषय कळत नाही. पण कुणी म्हणालं की दर आठवड्याला असाइनमेंट असते, ती तपासून दहा दिवसांत परत मिळते, नोट्स मिळत नाहीत, पेपरला वर्गातलीच गणितं आकडे बदलून येतात, तर ते लिहून ठेवा. दोन जणांची शेरेबाजी एकदम उलटी असते आणि वर्णन मात्र तंतोतंत जुळतं असं खूपदा होतं. एक म्हणतो फार पिळतात, दुसरा म्हणतो खूप शिकायला मिळालं, आणि दोघंही दर आठवड्याच्या त्याच टेस्टबद्दल बोलत असतात.

दुसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण माझं नुकसान इथेच झालं. वर्गात बसून "आपण शिकतोय" असं वाटणं आणि खरंच शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हे फिजिक्सच्या वर्गात करून बघितलं, काही मुलांना छान तयारी केलेलं लेक्चर दिलं आणि बाकीच्यांना तोच धडा गटात बसून स्वतः सोडवायला लावला. सोडवणाऱ्यांना वाटलं की आपण कमी शिकलो, आणि टेस्टमध्ये मार्क त्यांनाच जास्त पडले. कारण साधं आहे, स्वतः सोडवताना अडकायला होतं, आणि अडकलो की येत नाहीये असं वाटतं. त्यामुळे "समजतच नव्हतं, सगळं स्वतःच करायला लागायचं" असं मत ऐकलं तर लगेच तो विषय काढून टाकू नका, पुढे विचारा की मग परीक्षेत काय झालं.

माझं उलटं झालं. पहिल्या वर्षी गणिताच्या दोन बॅच होत्या, सगळ्यांनी एकीचं नाव सांगितलं, स्कोरिंग आहे, टेन्शन नाही. मार्क खरंच चांगले पडले. पुढच्या सेमला त्याच गणितावर उभा असलेला विषय आला आणि मी पहिल्या महिन्यातच मागे पडलो, दुसऱ्या बॅचची मुलं मात्र निवांत होती. नंतर वाचलं की हे फक्त माझ्याच बाबतीत झालेलं नाही. अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत कुणाला कोणते प्राध्यापक मिळणार हे मुलांच्या हातात नसतं, त्यामुळे तिथली तुलना बरीच स्वच्छ होते. तिथल्या आकडेवारीवरचा अभ्यास २०१० मध्ये आला, कमी अनुभवी प्राध्यापकांच्या मुलांना कॅल्क्युलसच्या त्या कोर्समध्ये मार्क जास्त होते आणि त्या प्राध्यापकांना रेटिंगही चांगलं होतं, पण पुढच्या कोर्समध्ये अनुभवी प्राध्यापकांची मुलं पुढे होती. तेव्हापासून मी असा नियम केलाय की ज्या विषयावर पुढचे विषय उभे आहेत त्याबद्दल आत्ताच परीक्षा दिलेल्याला विचारायचं नाही, त्याच्या पुढच्या सेममध्ये असलेल्याला विचारायचं. सुटा विषय असेल, पुढे कशाला लागणार नसेल, तर स्कोरिंग बघून घ्या, त्यात काही चूक नाही.

कुणाचं मत आहे हेही बघा. मागितल्याशिवाय मत देणारे बहुतेक एक तर खूप खूश असतात नाहीतर खूप चिडलेले, मधली सगळी मुलं गप्प असतात, म्हणून ग्रुपवर जे मोठ्याने बोललं जातं ते वर्गाचं मत समजू नका. शांत बसणाऱ्या दोन जणांना वेगळं गाठा. तो विषय त्यांनी आवडीने घेतला होता की सक्तीचा होता ते विचारा. शिक्षिकांबद्दलची मतं ऐकताना तर थोडं जास्तच सावध राहा असं मला वाटतं. २०१५ मध्ये एक प्रयोग छापून आला, ऑनलाइन कोर्समध्ये त्याच शिकवणाऱ्या व्यक्तीने काही मुलांना पुरुषाच्या नावाने शिकवलं आणि काहींना बाईच्या नावाने, तर बाईच्या नावाला रेटिंग कमी मिळालं, आणि असाइनमेंट तपासून एकाच वेळी परत दिल्या असूनही वेळेवर देण्याच्या मुद्द्यावरसुद्धा कमी. कुणी ठरवून वाईट वागत नसतं, पण "कडक" हा एकच शब्द सरांबद्दल आला की कौतुक आणि मॅडमबद्दल आला की तक्रार असं होतंच.

मत किती जुनं आहे ते विचारायला विसरू नका. शिकवणारे बदलतात, पेपर पॅटर्न बदलतो, आणि मोठ्या विद्यापीठात त्याच नावाचा विषय चार वेगवेगळे लोक शिकवत असतात. कोणतं वर्ष, कोणती बॅच, कुणी शिकवलं, या तीन गोष्टी नसतील तर ते मत बाजूला ठेवा.

सीनियरला भेटलात की "कसा आहे विषय" असं विचारू नका, त्याला उत्तर "ठीक आहे" एवढंच येतं. असं विचारा: आठवड्याला घरी किती तास जायचे? अडलं तर कुणाकडे गेलास आणि उत्तर मिळालं का? पेपरमध्ये वर्गात न झालेलं किती आलं? आत्ता त्यातलं काय वापरतोस? शेवटच्या प्रश्नाला माणूस थांबून विचार करतो, तिथे खरं उत्तर मिळतं.

विषय बदलायची मुदत असेल तर एवढं सगळं करूनही पहिले दोन आठवडे दोन बॅचना जाऊन बसा. मागच्या बाकावर नको, मधे बसा, आणि घरी आल्यावर वही न उघडता आज काय झालं ते पाच ओळींत लिहून बघा. भाषण किती रंगलं यापेक्षा त्या पाच ओळी जास्त सांगतात.

आणि तुमची पाळी येईल तेव्हा ज्युनियर्ससाठी दोनदा लिहा, एकदा रिझल्ट लागायच्या आधी, मार्क बघून मत बदलतं म्हणून, आणि एकदा पुढच्या सेमच्या मध्यावर. वर्ष, बॅच, किती तास जायचे, असाइनमेंट कशा होत्या, पेपर कसा होता, एवढं लिहिलं तरी पुरतं, आणि चिडलेले असाल तर का चिडलात ती घटना लिहा.