पेल्विस किती कललाय? आधी मूल बसवा, मग रेघ ओढा

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी ड्यूशेन (स्नायू कमजोर होत जाणारा आजार) झालेल्या एका मुलाच्या पेल्विसचा, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याचा, कल मी झोपवून काढलेल्या एक्स-रेवर मोजला आणि 6 अंश लिहून मोकळी झाले. सरांनी त्याला बसवून पुन्हा फिल्म काढायला लावली. 21 अंश! त्याची आई आधीच म्हणाली होती, "मॅडम, हा खुर्चीत डावीकडे कलंडतो." मी ते कानाआड केलं होतं.

तेव्हा मूल आधाराने का होईना बसत असेल, तर फिल्म बसवूनच घ्या. आधार हलका हवा. काखेत धरून वर उचललं की कणा ताणला जातो आणि कोन कमी भरतो. फिल्मवर टी-1 मणक्यापासून (छातीचा पहिला मणका) दोन्ही इलियाक क्रेस्टपर्यंत (कमरेच्या हाडाची वरची कड) सगळं यायला हवं.

मोजण्याआधी दोन्ही इलियाक पंखांची, म्हणजे कमरेच्या हाडाच्या पसरट भागांची, रुंदी बघा. एक रुंद, एक अरुंद दिसला तर पेल्विस नुसता कललेला नाही, फिरलेलाही आहे. त्या आकड्यावर फार विसंबू नका.

आता दोन्ही क्रेस्टच्या सर्वांत उंच बिंदूंना जोडणारी रेघ ओढा. ही रेघ आडव्या रेषेशी जो कोन करते, तो झाला सोपा आकडा. पण आडवी रेषा म्हणजे फिल्मची कड, हे कॅसेट (फिल्म ठेवायची चौकट) सरळ असेल तरच खरं. व्हॉट्सॲपवर आलेल्या तिरक्या फोटोवर मोजायचं नाही, म्हणजे नाही.

मी शेजारी मॅलोनी पद्धतीचा कोनही लिहिते. टी-1 च्या मध्यापासून एस-1 च्या (माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीचा पहिला मणका) मध्यापर्यंत रेघ, तिला काटकोनात दुसरी, आणि या दुसरीचा क्रेस्टच्या रेघेशी होणारा कोन. धड एका बाजूला झुकलेलं असेल तर हे दोन आकडे जुळत नाहीत. म्हणून आकड्याबरोबर पद्धत, बसवलं की झोपवलं, आणि कोणती बाजू वर, हे लिहाच. पुढच्या वेळी तीच पद्धत वापरा, नाहीतर कल वाढला की नाही ते कळणार नाही.

एवढी कटकट कशासाठी? साधारण 15 अंशांच्या पुढे अनेक सर्जन फ्यूजन (मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन) पेल्विसपर्यंत नेण्याचा विचार करतात. माझ्या 6 आणि 21 मध्ये त्या मुलाचं अख्खं ऑपरेशन बदलत होतं.

आणि मोजून झालं की मुलाला कुशीवर वळवून खालच्या बाजूच्या बैठकीच्या हाडावरची कातडी बघा. त्या ड्यूशेनवाल्या मुलाची लाल झाली होती.