मुठीतली मगर: तान्ह्या बाळासाठी क्रोशाचं छोटं दुपटं

ससा सगळेच करतात. ससा, टेडी, हत्ती, हल्ली तो युनिकॉर्न पण. आमची छकुली मात्र जन्मली ऑगस्ट २०२४ मध्ये, विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं होतं आणि लोकांच्या सोसायट्यांत मगरी निघत होत्या त्याच दिवसांत, आणि माझी बहीण बाळंतपणाच्या पलंगावर पडल्या पडल्या फोनवर मगरींचेच व्हिडिओ बघत होती, तेव्हाच मी ठरवलं की हिच्या बाळंतविड्यात मगर जाणार. आई म्हणाली, "अगं तान्ह्या पोरीला मगर काय देतेस, काहीतरी शुभ कर ना." म्हटलं आई, गंगामाईचं वाहन काय आहे? मग ती काही बोलली नाही, उलट दुसऱ्या दिवशी विचारत होती शेपटी करणार का म्हणून.

तर करायचं काय आहे ते आधी सांगते. एक चौकोनी दुपटं, वीतभरापेक्षा जरासं मोठं, त्याच्या एका कोपऱ्याला मगरीचं डोकं, समोरच्या कोपऱ्याला शेपूट. इंटरनेटवर याला लव्ही म्हणतात. हे पांघरूण नाही हं, घरातल्या प्रत्येक म्हातारीला हे वेगळं सांगावं लागतं, "एवढंसं काय विणलंस, पाय पण झाकणार नाहीत." नाहीच झाकायचे. आजीच्या लुगड्याच्या गोधडीचा एक कोपरा धरून पोरं झोपतात ना, ती फाटकी गोधडी गावाला जाताना पण बॅगेत न्यावी लागते, तर हा म्हणजे फक्त तो कोपरा. मुठीत धरायचा, गालाला घासायचा, आणि मुख्य म्हणजे चोखायचा. दोरा कुठला, डोळे कसले, भोकं किती, सगळं एवढ्यावरूनच ठरतं की हे दिवसभर तोंडात जाणार आणि आठवड्यातून दोनदा धुतलं जाणार.

म्हणून लोकर नको. बडोद्याच्या मे महिन्यात लोकरीला हात लावायची इच्छा होत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे लोकरीचे केस सुटतात, ओल्या बोटांना चिकटून तोंडात जातात. सुती दोरा घ्या, मऊ, पण टेबलक्लॉथचा तो बारीक क्रोशाचा दोरा नाही, त्याने डोकं करायला दिवाळी उजाडेल. मला ५० ग्रॅमचे तीन गुंडे हिरवे लागले (तिसरा थोडा उरला) आणि पोटाकडच्या पांढरट रंगाचा अर्धा. गुंड्याच्या कागदावर सुईचा नंबर असतो, माझ्या दोऱ्यावर ३.५ मिलिमीटर होता, चौकोन मी त्याच सुईने केला आणि डोकं ३ च्या सुईने. डोकं घट्टच विणायचं, नाहीतर आत भरलेलं फायबर (खेळण्यात भरतात तो कृत्रिम कापूस) टाक्यांमधून डोकावतं.

आता रंगाचं ऐका. मंगळ बाजारातून मी गडद हिरवा दोरा आणला, दुकानदार म्हणाला "रंग नहीं जाय, बेन", आणि घरी येऊन गुंड्याचं टोक कोमट पाण्यात बुडवून पांढऱ्या रुमालात दाबलं तर रुमालावर हिरवा डाग. तो दोरा आता माझ्या पर्समध्ये मोबाइलचं कव्हर होऊन फिरतोय. कोणी काही म्हणो, विणायच्या आधी दोरा भिजवून, पांढऱ्या कापडात दाबून, दहा मिनिटं ठेवून बघा. लाल रंगाचं तर विचारूच नका, जीभ वगैरे करायच्या भानगडीत मी पडलेच नाही.

टाके मी आपल्या नावांनी सांगतेय: साखळी, मुका खांब, खांब. बस तीनच, जोडायचा स्लिप टाका सोडला तर. माझी आजी सुरसागर तलावाजवळच्या चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिकली होती, १९१४ पासूनची संस्था ती, आणि आजी शेवटपर्यंत हेच शब्द वापरायची. तुम्ही व्हिडिओ बघून शिकला असाल तर घोळ इथे होतो की अमेरिकन पॅटर्नमधला एससी (सिंगल क्रोशे) म्हणजे आपला मुका खांब, आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्यालाच डीसी (डबल क्रोशे) लिहितात, आणि अमेरिकन डीसी म्हणजे आपला खांब. पॅटर्न कुठला आहे ते न बघता सुरू केलं तर टोपी करायला घेतलेली वस्तू पिशवी होते, स्वानुभव.

चौकोन सोपा आहे, टीव्ही बघता बघता होतो. मॅजिक रिंग करा (म्हणजे दोऱ्याचा असा फास, जो नंतर टोक ओढून आवळता येतो), ३ साखळ्या घाला (याच पहिला खांब धरायच्या), रिंगमध्येच अजून २ खांब, मग २ साखळ्या, मग ३ खांब २ साखळ्या असं अजून तीनदा, आणि सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत स्लिप टाका घालून (सुई आत घालून दोरा सरळ सुईवरच्या फासातून ओढून) जोडा. चार बाजू झाल्या, प्रत्येकीवर ३ खांब, चार कोपरे. पुढच्या प्रत्येक फेरीत बाजूच्या प्रत्येक खांबावर एक खांब आणि कोपऱ्यातल्या साखळ्यांमध्ये २ खांब, २ साखळ्या, २ खांब. शेवटच्या कोपऱ्यानंतर जोडायच्या आधी काही खांब उरतात, त्यांच्यावर पण एकेक घालायचा, हे विसरलं की चौकोन वाकडा होतो. मोजायचं असेल तर दर फेरीला प्रत्येक बाजू चाराने वाढते: ३, ७, ११, १५ अशी. १२ व्या फेरीला ४७ होतात, माझा चौकोन तिथे जेमतेम २५ सेंटिमीटर झाला. उरलेल्या दोन कोपऱ्यांना गाठी मारून पंजे करायचे असतील (दात येताना पोरं त्या गाठीच चावतात, फार कामाच्या असतात) तर १४ फेऱ्या करा, बाजूला ५५, कारण गाठीत बराच भाग जातो. गाठ मारल्यावर आतून चार टाके घालून पक्की करायची.

ग्रॅनी स्क्वेअरची ती जाळीची नक्षी दिसते सुंदर पण इथे नको, भोकात बाळाची बोटं अडकतात. आणि मगर म्हटल्यावर कोणीतरी हमखास सांगणार की क्रोकोडाइल स्टिच कर, खवले येतात. खरंच तसा टाका आहे, शालीवर झकास दिसतो. पण तो एकावर एक थर असतो, दोरा खूप खातो, जड होतो, आणि त्या खवल्यांच्या खाली लाळ आणि खिचडी जाऊन बसते, कुणी धुवायची?

आता डोकं. हे तोंडाच्या टोकापासून मागे विणत जायचं, सगळे मुके खांब, आणि फेरी जोडायची नाही, गोल गोल चालत राहायचं, फेरीच्या सुरुवातीला दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवून खूण ठेवायची. आपल्या विश्वामित्रीतली जी मगर आहे तिचं तोंड सगळ्या मगरींमध्ये रुंद असतं, सुसरीसारखं लांब चिमट्यासारखं नाही, त्यामुळे काम सोपं आहे.

७ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरू करून ५ मुके खांब, शेवटच्या साखळीत ३, मग तसंच वळून साखळीच्या दुसऱ्या अंगाने ४, आणि शेवटी जिथून सुरू केलं त्याच साखळीत २. एकूण १४, लांबट गोल दिसेल. दुसऱ्या फेरीत फक्त दोन्ही टोकांना वाढवायचं: पहिल्या टाक्यात दोन, पुढे ४ साधे, मग तीन टाक्यांत दोन दोन, ४ साधे, शेवटच्या दोन टाक्यांत दोन दोन. झाले २०. आता तिसरीपासून नवव्या फेरीपर्यंत काही विचार नाही, २० च्या २० साधे, चपटी नळी तयार होते.

दहाव्या फेरीच्या आधी थांबा. गोल विणताना टाके हळूहळू एका बाजूला सरकतात, म्हणजे तुमची खूण आता बरोबर कडेला नसणारच. नळी टेबलावर चपटी दाबा, कड कुठे येते ते बघा, तिथपर्यंत चार-दोन टाके साधे विणून खूण तिथे हलवा. मी पहिल्या मगरीला हे केलं नाही आणि तिचं कपाळ कानाच्या बाजूला आलं, मगरीला लकवा झाल्यासारखं दिसत होतं, पूर्ण उसवलं.

दहावी फेरी: खालच्या बाजूचे १० साधे (हा जबडा), मग वरच्या १० वर एक साधा, एकात दोन, असं पाच वेळा. एकूण २५. अकरावी: परत १० साधे, मग दोन साधे, एकात दोन, पाच वेळा, एकूण ३०. इथे कपाळ वर उठलेलं दिसेल, आणि ते दिसलं ना की फार बरं वाटतं, तोपर्यंत वस्तू मोज्यासारखी असते. बारा ते सोळा ३० साधे. मग मिटवायला लागायचं: सतराव्या फेरीत ३ साधे आणि दोनाचा एक, सहा वेळा, २४ राहिले. अठराव्यात २ साधे आणि दोनाचा एक, १८. इथे फायबर भरा. एकोणिसाव्यात १ साधा आणि दोनाचा एक, १२. विसाव्यात नुसते दोनाचे एक, ६ राहिले की दोरा हातभर ठेवून कापा, सहाही टाक्यांतून ओवून ओढा. दोनाचा एक करताना दोन्ही टाक्यांचा फक्त पुढचा धागा सुईवर घ्या, मग तिथे भोक पडत नाही.

फायबर कमी भरायचं. चेंडूसारखं टणक डोकं बाळाच्या मुठीत येत नाही आणि पावसाळ्यात तीन तीन दिवस वाळत नाही. जुन्या उशीचा कापूस तर अजिबात नको, धुतल्यावर आत गोळे होतात आणि वास येतो.

डोळ्यांचे दोन उंचवटे पांढरट दोऱ्याचे: रिंगमध्ये ६ मुके खांब, पुढच्या फेरीत १२, मग एक फेरी १२ साधे. कपाळ उठतं तिथे जवळ जवळ शिवायचे, लांब लांब शिवले तर बेडूक होतो. बुबुळं काळ्या दोऱ्याने भरतकाम करून. प्लॅस्टिकचे डोळे, मणी, बटणं, काही म्हणजे काही लावायचं नाही, पाकिटावर सेफ्टी आय लिहिलेलं असलं तरी, दात आलेलं पोर काय उपटेल सांगता येत नाही आणि सुटलेला मणी घशात जायला वेळ लागत नाही. नाकपुड्या म्हणजे टोकाला दोन दोन आडवे टाके. दात पांढऱ्या दोऱ्याने वळणावळणाचे, पण टाके छोटे छोटे, लांब टाक्यात बोट अडकतं. दात वेगळे कापून शिवायचा मोह मला झाला होता, वहिनी म्हणाली "ताई, ते पहिल्या दिवशी निघणार", आणि बरोबर होतं तिचं.

शेपूट, हिरव्या दोऱ्याने, मुक्या खांबांचीच: रिंगमध्ये ६, एक फेरी ६, मग ९, ९, १२, १२, १५, १५, १८, १८. म्हणजे एक फेरी तीनने वाढवायची, एक साधी. आत काही भरायचं नाही, चपटी करून कोपऱ्याला शिवून टाकायची.

डोकं जोडताना मात्र घाई नको. कोपरा मानेच्या खाली सरकवून डोकं गोल दोनदा शिवा, मग डोकं धरून दुपट्याला चांगला झटका द्या, ओल्या कपड्याला देतो तसा. हललं तर परत शिवा. दोऱ्याची टोकं गाठ मारून कापू नका, सुईने एकदा या दिशेला एकदा उलट दिशेला असं आतल्या आत ओवून मग कापा.

बारशाला द्यायला छानच आहे, पण देताना आईबापांना स्पष्ट सांगा की पहिलं वर्ष हे झोपायच्या जागी ठेवायचं नाही. बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात, तान्ह्या बाळाच्या झोपण्याच्या जागी मऊ खेळणी, उशा, सुटी पांघरुणं नकोत, तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. आमच्याकडे तर घोडियुं असतं, त्या झोळीत काहीही टाकलं तरी घरंगळत बरोबर तोंडापाशी येतं. तोवर मांडीवर, गाडीत कोणी शेजारी असताना, जागेपणी खेळायला. आमच्या छकुलीला रात्री दिली ती वर्षाची झाल्यावर, आणि द्यायच्या आधी बहीण दोन रात्री स्वतः ती मगर उशाशी घेऊन झोपली, आईचा वास लागावा म्हणून.

धुताना ब्लाउजच्या जाळीच्या पिशवीत घालून मशीनला चालते, नाहीतर हाताने. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची आणि सावलीत आडवी वाळत घालायची, डोक्याला क्लिप लावून लटकवली तर मान लांबते आणि मग ती बदक दिसते.

आणि शक्य असेल तर दोन करा, एकाच वेळी, एकाच गुंड्यांमधून. मी दुसरी चार महिन्यांनी केली, त्याच नंबरचा दोरा आणून, पण छटा जराशी वेगळी निघाली आणि तोवर पहिली धुऊन धुऊन मऊ झाली होती. छकुलीने नवी मगर हातात घेतली, वास घेतला आणि जमिनीवर टाकली. आता ती दुसरी माझ्या आईच्या उशाशी असते.