अंदाजाऐवजी मोजमाप : नव्याने परिचर्येत येणाऱ्यांसाठी काही अनुभव

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतून आणि हद्दीपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजहूनही अनेक मराठी मुली, आणि आता बरीच मुलेही, नर्सिंगच्या शिक्षणासाठी बेळगावात येतात. अभ्यासक्रमात संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय येतो, तेव्हा बहुतेकांना तो केवळ परीक्षेपुरता वाटतो. वॉर्डातले काम मात्र ‘इथे असेच करतात’ या एका वाक्यावर चालू राहते. प्रसूती विभागात काम करताना आणि विद्यार्थिनींना शिकवताना माझे असे मत झाले आहे की पुराव्यावर आधारित परिचर्या ग्रंथालयात सुरू होत नाही. रोज नजरेने ठरवली जाणारी एखादी गोष्ट कोणीतरी मोजायला घेते, तिथे तिची सुरुवात होते.

याचे जगभर दखल घेतले गेलेले एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम असते. परंतु ते थंड ठेवावे लागते आणि टोचणारा प्रशिक्षित हात लागतो. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला या दोन्ही गोष्टी मिळतीलच याची त्या काळी खात्री नव्हती. म्हणून येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह 2002 ते 2005 या काळात ग्रामीण बेळगावमध्ये 1,620 बाळंतिणींचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही निवडीविना, काहींना मिसोप्रोस्टॉल या, थंड न ठेवता वापरता येणाऱ्या औषधाच्या 600 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणि इतरांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या. बाळंतपणे करणाऱ्या, गोळ्या देणाऱ्या आणि रक्तस्राव मोजणाऱ्या 25 जणी एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) होत्या, म्हणजे आपल्याच व्यवसायातल्या. 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार 500 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा 12 वरून 6.4 वर आले. पुढे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट औषधापेक्षा मापाची आहे. बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजले गेले. याच पिशवीची नजरेच्या अंदाजाशी तुलना करणारा वेगळा अभ्यासही बेळगावातच झाला, आणि त्यात नजरेचा अंदाज मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. अनुभवी डोळ्यालाही भिजलेल्या कपड्यातले रक्त कमी दिसते, आणि तो फरक बाईला वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवायचे की थांबायचे, या निर्णयाच्या आड येतो. तुमच्या प्रसूतिगृहात अशी पिशवी नसेल, तर कोरड्या पॅडचे वजन आधी करून ठेवावे आणि भिजल्यावर पुन्हा करावे. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. त्यासाठी साधा वजनकाटा पुरतो.

हाच अभ्यास हाताशी धरून संशोधनाचा निष्कर्ष कसा वाचावा हेही शिकता येते. ‘अतिरक्तस्राव जवळपास निम्म्यावर आला’ हे विधान खरे आहे, पण 18 बाळंतिणींना गोळ्या दिल्यावर एकीचा अतिरक्तस्राव टळतो, ही मांडणी कामाच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे, कारण तिच्यावरून गोळ्या किती लागतील आणि लाभ किती होईल हे दोन्ही एकदम कळते. थंडी वाजणे आणि ताप येणे हे परिणाम गोळ्या घेतलेल्या बायकांत अधिक दिसले, हेही वाचलेच पाहिजे. शिवाय तुलना औषधविरहित गोळीशी होती, ऑक्सिटोसिनशी नव्हे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासात ऑक्सिटोसिनच सरस ठरले होते. त्यामुळे जिथे इंजेक्शन आणि शीतसाखळी आहे, तिथे बेळगावच्या अभ्यासाचा दाखला देऊन गोळीला पहिली पसंती देणे चूक ठरेल.

परिस्थितीचा हा विचार दुसऱ्या एका प्रश्नातही करावा लागतो. हातातला कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवलेली नळी, ठरावीक तासांनी बदलावा की गरज पडल्यावरच बदलावा? 2012 साली ऑस्ट्रेलियातील 3,283 रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही गटांत शिरेच्या दाहाचे प्रमाण सारखेच, शेकडा 7, आढळले. हे वाचून रुग्णाच्या टोचण्या वाचवाव्यात असे आपल्याला वाटते आणि ते योग्यच आहे. परंतु ‘गरज पडल्यावर’ या शब्दांत प्रत्येक पाळीला ती जागा उघडून पाहणे, हात लावून दुखते का ते विचारणे आणि केस शीटवर नोंदवणे हे सारे गृहीत आहे. रात्रपाळीला एकाच सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल, तर आधी ही नोंद नियमित होते का ते पाहावे आणि त्यानंतरच नियम बदलण्याचा आग्रह धरावा.

1996 साली डॉक्टर डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित उपचारपद्धतीची जी व्याख्या मांडली, तिच्यात उत्तम उपलब्ध पुरावा, काम करणाऱ्याचे कौशल्य आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ अपेक्षित आहे. सीमाभागात तिसऱ्या घटकासाठी दोन भाषा लागतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली आजी मराठीत बोलते, बैलहोंगलची कन्नडमध्ये, आणि पुस्तक असते इंग्रजीत. नवजात बाळाची अंघोळ शक्यतो 24 तास पुढे ढकलावी, नाळेला हळद-तेल लावू नये, चीक टाकून देऊ नये, हे केवळ आदेशाच्या सुरात सांगितले तर घरी गेल्यावर नेमके उलटे होते. आजीच्या समोर बाळाचे तापमान घ्यावे, आकडा दाखवावा, बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावावे आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजावे. मग तिच्याच भाषेत बोलणे सोपे जाते. कन्नड येत नसेल तर निदान बाळंतिणीशी बोलण्यापुरती जरूर शिकून घ्यावी. पुराव्याचा उपयोग होण्यासाठी मी ती आवश्यकच मानते.

शोध घेताना प्रश्न चार भागांत लिहावा : रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता. वैद्यकीय संशोधन-लेख शोधण्याचे ‘पबमेड’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे, ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या पुनरावलोकनांचे सोप्या भाषेतले सारांशही विनामूल्य वाचता येतात. एकट्या अभ्यासापेक्षा अनेक अभ्यास एकत्र तपासणारे पुनरावलोकन आधी वाचावे.

आणि जे सापडेल ते रुग्णासमोर ज्येष्ठ सिस्टरांना ऐकवू नये. पाळी बदलताना, शांतपणे, ‘सिस्टर, आपल्या वॉर्डात महिनाभर नोंद करून पाहू का?’ असे विचारावे. इन्चार्ज सिस्टरांनी होकार दिला, की एक वही घ्यावी आणि तिच्यात तारीख, खाट क्रमांक, काय केले आणि काय झाले एवढेच चार रकाने आखावेत. रुग्णाचे नाव त्यात लिहू नये.