उन्हाळ्यात कोंबड्यांचे खाद्यभांडे सावलीमागे फिरवा

मार्च सरत आला की अंडी घटतात आणि आपण पहिला संशय खाद्यावर घेतो. चुरी जुनी असेल, पेंडीत भेसळ असेल, कोंबड्या खुडूक झाल्या असतील. मीही दोन उन्हाळे हेच केले. खाद्य बदलून पाहिले, दुकानही बदलले. भांडे मात्र घराच्या पश्चिम भिंतीला होते तिथेच राहिले, कारण येता-जाता ते हाताशी यायचे. एकदा दुपारी चारच्या सुमारास त्याच्या पत्र्यावर हात टेकला आणि चटका बसला. कोंबड्या तिकडे का फिरकत नाहीत ते तेव्हा कळले.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच ४० च्या पुढे जाते. मग चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून लांब धरणे, एवढेच तिच्या हाती उरते. त्यात खाल्लेले पचतानाही अंगात उष्णता तयार होते. म्हणून ती भर उन्हात खायचे टाळते, आणि ते बरोबरच आहे. फटफटल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि पाचनंतर दिवस मावळेपर्यंत, या दोन वेळा तिच्या खाण्याच्या. मधल्या वेळेत खाद्यभांडे उचलून ठेवा; पाणी मात्र काढून ठेवू नका.

म्हणजे भांड्याला एक नव्हे, दोन जागा लागतात. सकाळी घराची सावली पश्चिमेला पडते. तिकडची भिंत रात्रभर निवलेली असते, तेव्हा सकाळचे खाद्य तिथे द्यावे. दुपार कलल्यावर तीच भिंत तापते आणि अंधार पडेपर्यंत धग सोडत राहते. त्या वेळी पूर्वेची बाजू बरी, कारण तिथे दुपारपासून सावली असते. मी दोन्ही बाजूंच्या वाशांना आकडे मारून घेतले आणि टांगायचे भांडे एकच ठेवले. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. घरचे आधी हसले, मग त्यांनाही सवय झाली.

‘उत्तरेच्या भिंतीला कायम सावली असते’ असे सांगणारे बरेच भेटतील. हिवाळ्यात ते खरे आहे. पण सोलापुरात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि तिथून जुलै संपेपर्यंत तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर भिस्त ठेवू नका. दुपारी कोंबड्यांना बसायला आणि पाण्याच्या भांड्याला वरून सावली हवी. कडुनिंब किंवा चिंच असेल तर सोन्याहून पिवळे. बाभूळ-शेवग्याची सावली विरळ, ती पुरत नाही. झाडच नसेल तर चार मेढी रोवून वर कडबा किंवा उसाचे पाचट टाका. उघड्या पत्र्याखालची सावली नावालाच. पत्र्यावरही पाचटाचा थर द्या आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून दोरीने बांधा.

भांडे झाडाखाली टांगाल तर वरची फांदी पाहून घ्या. जिथे कावळे बसतात किंवा कोंबड्याच रात्री चढतात, त्या फांदीखाली विष्ठा पडणार. खुराड्यातल्या बसायच्या दांडीखालीही भांडे नको. चिमण्या-कबुतरांची झुंबड उडत असेल तर जागा थोडी आत घ्या, कारण खाद्य तर जातेच, शिवाय कबुतरांकडून राणीखेत हा कोंबड्यांचा रोगही येऊ शकतो.

उंचीचा हिशोब सोपा आहे: भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या रेषेत. खाली असला तर ती पायाने उकरून निम्मे खाद्य मातीत घालते. भांडे तिसरा हिस्साच भरा. मोठ्या कोंबडीला सुमारे १० सेंटिमीटर काठ लागतो; एक मीटर लांबीच्या, दोन्ही बाजूंनी खाता येणाऱ्या गव्हाणीवर वीस कोंबड्या बसतात. तरीही एखादी दांडगी कोंबडी बाकीच्यांना हुसकावतेच. अशा वेळी दुसरे छोटे भांडे कोपऱ्याच्या पलीकडे, तिच्या नजरेआड ठेवा. शेजारी ठेवून उपयोग नाही, ती दोन्ही राखते. पिल्लांचे खाद्य वेगळ्या जाळीआड द्यावे, कारण अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असते, ते पिल्लांना बाधते.

पाणी खाद्यापासून पाच-सहा फुटांवर असू द्या. अगदी खेटून ठेवले की ओल्या चोचीने खाद्य भिजते आणि या हवेत काही तासांत आंबते. फार लांब ठेवले तर उन्हातून जायचा कंटाळा करून कोंबडी तहानलेलीच राहते. पाण्याला मातीचे पसरट भांडे घ्या. दुपारी एकदा तरी पाणी बदला.

वळवाचा पाऊस नेमका संध्याकाळच्या खाद्याच्या वेळी गाठतो. पूर्वेचा आकडा वळचणीच्या धारेखाली येत नाही ना, हे आताच बादलीभर पाणी पत्र्यावर ओतून पाहा. भिजलेला मक्याचा भरडा किंवा शेंगापेंड उन्हात वाळवून परत घालायचा मोह होतो, तो आवरा. त्यावर बुरशी धरते, तिचे विष वाळवल्याने जात नाही. खड्डा करून पुरून टाका. मृग लागून पाऊस स्थिरावला की दोन जागांचा खेळ थांबवून भांडे पडवीत आत घ्या.

रात्री भांडे बाहेर ठेवू नका. सांडलेले झाडून घ्या, उरलेले झाकणाच्या पिंपात टाका. खाद्यामागे उंदीर-घुशी येतात, आणि उंदरांमागे कोण येते ते वस्तीवर राहणाऱ्याला सांगायला नको.

जागा बदलल्यावर पहिले एक-दोन दिवस कोंबड्या जुन्या ठिकाणीच घुटमळतील. नव्या भांड्याखाली मूठभर ज्वारी टाकून हाक मारा. एक आली की बाकीच्या येतात.