ओटावात सरकारला प्रश्न विचारण्याआधी: विरोधी खासदाराच्या कार्यालयासाठी तयारीची यादी

कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये विरोधी खासदाराला एकाच आठवड्यात घरबांधणी, व्हिसा, सरकारी कंत्राटं आणि टपाल अशा चार दिशांना प्रश्न विचारावे लागतात. विषय बदलले तरी तयारीचा क्रम बदलत नाही. सुरुवात आयुध निवडण्यापासून करावी. मंत्र्याला सभागृहात अडचणीत आणायचं असेल तर तोंडी प्रश्न, आकडा किंवा कागद हवा असेल तर लेखी प्रश्न, खर्चाचा हिशेब हवा असेल तर अंदाजपत्रकीय मागण्यांवरची चर्चा आणि अधिकाऱ्यांकडून उत्तर हवं असेल तर समिती. आकडा तोंडी मागायचा आणि राजकीय भूमिका लेखी विचारायची, अशी अदलाबदल झाली की दोन्हीकडे हात रिकामे राहतात.

दुसरी नोंद अधिकारक्षेत्राची, आणि बहुतेक प्रश्न इथेच पडतात. रुग्णालयं आणि शिक्षण प्रांतांकडे आहेत. 'आपत्कालीन विभागात रुग्ण ताटकळतात, मंत्री काय करताहेत?' असं विचारलं की मंत्री प्रांताकडे बोट दाखवून खाली बसतात. तोच प्रश्न संघीय सरकारकडून आरोग्यासाठी प्रांतांना जाणाऱ्या निधीवर आणि त्यासाठी झालेल्या कराराच्या अटींवर विचारला, तर ती पळवाट बंद होते. प्रश्न त्या मंत्र्याच्या आजच्या खात्याच्या कारभाराशी जोडलेला असावा. आधीच्या खात्याबद्दल, पक्षाच्या अंतर्गत कामाबद्दल, कायदेशीर मत मागणारा किंवा 'असं झालं तर' थाटाचा प्रश्न नियमात बसत नाही. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणालाही मंत्री हात लावत नाहीत.

लेखी प्रश्नांची फाइल सर्वांत आधी उघडावी, कारण तिला सर्वांत जास्त वेळ लागतो. सभागृहाच्या नियमावलीतल्या नियम 39 प्रमाणे एका खासदाराचे एका वेळी जास्तीत जास्त चार प्रश्न ऑर्डर पेपरवर, म्हणजे सभागृहाच्या कामकाजपत्रिकेवर, राहू शकतात. सूचना 48 तास आधी द्यायची, ती सोमवार ते गुरुवार संध्याकाळी 6 पर्यंत आणि शुक्रवारी दुपारी 2 पर्यंत पोचली पाहिजे. 45 दिवसांत उत्तर हवं असेल तर तशी मागणी प्रश्नासोबतच करावी लागते. ती राहून गेली तर मुदतीचं बंधनच लागू होत नाही. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे, बैठकांचे नव्हेत. मुदत उलटली तर उत्तर न देण्याचा मुद्दा आपोआप स्थायी समितीकडे जातो आणि समितीच्या अध्यक्षांना पाच बैठकींच्या दिवसांत सभा बोलवावी लागते. म्हणून प्रत्येक प्रश्नाची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसेल अशी लिहून ठेवावी. चारही जागा एकदम भरू नयेत, एक मोकळी ठेवावी. मध्येच एखादं प्रकरण उघडकीला आलं की ती लागते. चार विषय एका प्रश्नात कोंबणंही फुकट जातं, कारण सभागृहाचे क्लार्क असा प्रश्न तोडायला सांगू शकतात आणि त्याचे तुकडे याच चार जागा खातात.

प्रश्नाचा मसुदा हा या साऱ्यातला सर्वांत कसबाचा भाग. सरकारकडून सर्रास येणारं उत्तर असं असतं: ही माहिती मध्यवर्ती पद्धतीने नोंदली जात नाही, हाताने गोळा करावी लागेल, दिलेल्या मुदतीत ते शक्य नाही. अनेकदा ते खरंही असतं, म्हणून खातं ज्या चौकटीत नोंद ठेवतं त्याच चौकटीत विचारावं. खर्च आर्थिक वर्षाप्रमाणे, म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च. कंत्राटं दहा हजार डॉलरच्या वरची, कारण ती खात्यांना तशीही जाहीर करावी लागतात. प्रत्येक कंत्राटासाठी पुरवठादार, रक्कम, तारीख, काम आणि निविदा काढली की थेट दिलं, हे वेगवेगळे रकाने मागावेत. शेवटी एक उपप्रश्न कायम जोडावा: ही माहिती नोंदत नसाल, तर या विषयावर नेमकं काय नोंदता?

विद्यार्थी परवान्यांचं उदाहरण घेऊ, पुण्या-नाशिककडच्या घरांतूनही त्यासाठी अर्ज जातात. जानेवारी 2024 मध्ये सरकारने परवान्यांवर मर्यादा घातली आणि बहुतेक अर्जांसोबत प्रांताचं पत्र सक्तीचं केलं. त्याच महिन्यापासून एकट्या विद्यार्थ्याने दाखवायची खर्चाची रक्कम 10,000 वरून 20,635 डॉलर झाली. 'विद्यार्थ्यांचे किती अर्ज अडकलेत?' एवढंच विचारलं तर एक गोळाबेरीज आकडा येईल आणि त्याचं काहीच करता येणार नाही. त्याऐवजी लिहावं: 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2024 या काळात आलेले, मंजूर झालेले, नाकारलेले आणि मागे घेतलेले अर्ज, महिन्यानुसार, राहत्या देशानुसार आणि अभ्यासक्रमाच्या पातळीनुसार; नवे अर्ज आणि मुदतवाढीचे अर्ज वेगळे; नाकारण्याची कारणं संख्येसह. 'मंजूर अर्ज' आणि 'प्रत्यक्ष दिलेले परवाने' हे दोन्ही आकडे मागायचे. परदेशातून अर्ज केलेल्याला मंजुरीचं पत्र आधी मिळतं आणि परवाना कॅनडात उतरल्यावर. त्यामुळे हे आकडे जुळत नाहीत, आणि मंत्री आपल्याला सोयीचा तेवढा वाचतात.

हाती आलेलं उत्तरही तपासूनच वापरावं. ऑक्टोबर 2022 मध्ये अराइव्हकॅन या, कॅनडात येणाऱ्या प्रवाशांसाठीच्या सरकारी ॲपबद्दलच्या लेखी उत्तरात एका कंपनीला सुमारे 12 लाख डॉलर दिल्याचं आलं होतं. कंपनीने एक पैसाही मिळाला नसल्याचं सांगितलं आणि सीमा सेवा संस्थेला चूक मान्य करावी लागली. त्यामुळे उत्तरातला प्रत्येक मोठा आकडा सरकारी जमाखर्चाशी, जाहीर कंत्राटांच्या यादीशी आणि आधीच्या उत्तरांशी ताडून पाहावा. जिथे विसंगती दिसेल, तिथेच पुढचा तोंडी प्रश्न असतो.

प्रश्नोत्तरांचा तास प्रत्यक्षात 45 मिनिटांचा: सोमवार ते गुरुवार दुपारी 2.15 ते 3, शुक्रवारी सकाळी 11.15 ते 12. भारतात तारांकित प्रश्न कित्येक दिवस आधी द्यावा लागतो, इथे तोंडी प्रश्नाला पूर्वसूचनाच लागत नाही. ओटावातल्या गरमागरमीचं आणि मोघम उत्तरांचंही हे एक मोठं कारण आहे. प्रश्नाला 35 सेकंद, उत्तराला 35 सेकंद, मग माइक बंद. इंग्रजीत तेवढ्यात साधारण ऐंशी-पंच्याऐंशी शब्द बसतात, तेही दुभाष्यांची दमछाक न करता. कागदावर सत्तर शब्द लिहावेत, कारण समोरून आरडाओरडा झाला की पाच सेकंद सहज जातात. घड्याळ लावून उभ्याने, मोठ्याने तीनदा वाचून पाहावं. पार्श्वभूमी एका वाक्यात, आकडा एका वाक्यात आणि प्रश्न एकच. दोन प्रश्न विचारले तर मंत्री त्यातला सोपा उचलतात.

मसुदा असा उतरावा: 'अध्यक्ष महोदय, महालेखापालांच्या फेब्रुवारी 2024 च्या अहवालानुसार अराइव्हकॅनचा खर्च अंदाजे 5 कोटी 95 लाख डॉलर आहे, आणि नोंदी इतक्या वाईट होत्या की नेमका आकडा काढता आला नाही. यातली किती रक्कम सरकारने परत मागितली?' इथे उत्तर फक्त आकडा असू शकतं, आणि आकडा आला नाही तर ते हॅन्सार्डमध्ये, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत कामकाज-नोंदीत, कायमचं दिसतं. 'सरकारला लाज वाटते का?' असा शेवट केला तर मंत्र्यांना भाषणाची आयती संधी मिळते. अध्यक्ष मंत्र्यांना उत्तर द्यायला भाग पाडू शकत नाहीत, त्यामुळे सगळी ताकद प्रश्नाच्या घडणीतच लावावी लागते.

सभागृहात जाण्याआधी काही गोष्टी पडताळाव्यात. नाव आणि क्रम प्रतोदांच्या यादीत आहे का. संबंधित मंत्री हजर असणार का. नसतील तर संसदीय सचिव, म्हणजे मंत्र्याला मदत करणारे सत्ताधारी खासदार, तयार उत्तर वाचतील, मग प्रश्न दुसऱ्या दिवशी ठेवणं बरं. मात्र मंत्री गैरहजर असल्याचा उल्लेख सभागृहात करायचा नाही. सदस्याचं नाव घ्यायचं नाही, पद किंवा मतदारसंघ सांगायचा. हातात फलक किंवा वस्तू नको. मतदाराचं प्रकरण असेल तर नाव आणि अर्ज क्रमांक गाळावेत, कारण मंत्री गोपनीयतेचं कारण पुढे करतात आणि त्या माणसाची माहिती मात्र कायमची नोंदली जाते. शब्दांवर ताबा हवा. 30 एप्रिल 2024 रोजी विरोधी पक्षनेते पियरे पॉलिएव्ह यांनी पंतप्रधान ट्रुडो यांच्याबद्दलचा शब्द बिनशर्त मागे घेतला नाही म्हणून त्यांना दिवसभरासाठी बाहेर जावं लागलं. बातमी त्या शब्दाची झाली, प्रश्न मागेच राहिला.

उत्तर पटलं नाही तर घड्याळ लगेच सुरू होतं. प्रश्नोत्तरं संपल्यापासून एका तासात अध्यक्षांकडे लेखी सूचना दिली, तर तोच विषय पुढे एखाद्या संध्याकाळी स्थगन चर्चेत (दिवसाचं कामकाज संपताना होणाऱ्या छोट्या चर्चेत) दहा मिनिटांसाठी घेता येतो: चार मिनिटं खासदाराला, चार सरकारला, मग दोघांना एकेक. सूचनेचा कोरा नमुना सही करून दालनातच ठेवावा. या चर्चेत समोर बहुधा संसदीय सचिव असतात आणि रिकाम्या बाकांमुळे तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण 35 सेकंदांत न मावणारा कागदोपत्री पुरावा नोंदीवर आणायला यापेक्षा चांगली जागा नाही.

मे महिन्यासाठी वेगळी फाइल लागते. विरोधी पक्षनेते 1 मेपर्यंत दोन खाती निवडतात, आणि त्यांच्या मागण्यांवर पूर्ण सभागृहाच्या समितीत, म्हणजे सगळे सदस्य समिती म्हणून बसतात तेव्हा, प्रत्येकी चार तासांपर्यंत मंत्र्यांना विचारता येतं. एका सदस्याला पंधरा मिनिटं मिळतात आणि मंत्र्याचं उत्तर साधारण प्रश्नाइतकंच लांब असावं असा प्रघात आहे. म्हणून इथे प्रश्न दहा सेकंदांचे, ओळीने वीस-पंचवीस तयार हवेत: किती, कधी, कोणाला, कोणाच्या सहीने.

छोट्या पक्षाच्या खासदाराने तर लेखी प्रश्नांवरच भर द्यावा. मान्यताप्राप्त पक्षासाठी 12 जागा लागतात. 2025 च्या निवडणुकीत न्यू डेमोक्रॅटिक पार्टीला (एनडीपी) 7 मिळाल्या आणि तोंडी प्रश्नांतला त्यांचा वाटा आटला. लेखी प्रश्नांची चारची मर्यादा मात्र पक्ष न पाहता सारखीच आहे.

अधिवेशन संपवलं जाण्याची चाहूलही ठेवावी. 6 जानेवारी 2025 ला सत्रसमाप्ती झाली तेव्हा ऑर्डर पेपर कोरा झाला आणि अनुत्तरित लेखी प्रश्न रद्द झाले. प्रत्येक प्रश्नाचा अंतिम मसुदा दोन्ही अधिकृत भाषांत, तारखा बदलून लगेच दाखल करता येईल असा जपून ठेवावा. त्याच विषयावर पाच डॉलर भरून माहिती अधिकाराचा अर्जही समांतर टाकावा. त्याची 30 दिवसांची मुदत खाती वाढवून घेतात, पण सत्र संपलं म्हणून तो अर्ज बाद होत नाही.