अफू घेणाऱ्या माणसाचं हृदय कसं सांभाळायचं: कळंबोलीच्या ईसीजी टेबलावरून

मी कळंबोलीत एका लहानशा हॉस्पिटलात ईसीजी काढते. लोखंड बाजार हाकेच्या अंतरावर, उरणहून येणाऱ्या कंटेनरची रांग चोवीस तास, त्यामुळे माझ्या टेबलावर ड्रायव्हर मंडळी जास्त. त्यातले काही अफू घेतात. मंदसौर, नीमच, चित्तोडगड या पट्ट्यात सरकारी परवान्यावर अफूची शेती होते आणि थोडा माल चोरवाटेने हायवेवर येतोच. कुणी बोंडांचा चुरा, म्हणजे डोडा, चहासारखा उकळून पितो, कुणी काळी गोळी जिभेखाली धरतो. हे मी त्यांच्यासाठी लिहीत नाहीये, ते वाचणारही नाहीत. त्यांच्या बायका, मुलं, भाऊ यांच्यासाठी लिहितेय, कारण ईसीजीची पट्टी काढताना बाजूला तेच उभे असतात.

पहिलं काम: हृदयाच्या डॉक्टरांना अफूबद्दल सांगा. स्पष्ट, न लाजता. परवा एका काकांना विचारलं, "अंगदुखीला, झोपेला काही घेता का?" "नाय ताई, बिडी सोडून काय नाय." ट्यूबलाइटखाली डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ही अफूची खूण. मावशी जमिनीकडे बघत उभ्या. मी म्हटलं, "आणि काळी गोळी?" तर म्हणाले, "ती होय! ती तर औषधच हाय." म्हणून "व्यसन आहे का" असं विचारूच नका, उत्तर नाहीच येणार. काय घेता, किती, कशाबरोबर आणि शेवटचं कधी घेतलं, एवढं विचारा आणि कागदावर लिहून न्या.

पोलिसांची भीती बहुतेकांना असते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलंय. आणि १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे: फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा मामला असेल आणि माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते, हेही लक्षात असू द्या.

आता "औषधच हाय" या गोष्टीकडे. अफूने शुगर उतरते, हृदय शांत राहतं, असा समज आपल्याकडे आहे तसाच इराणमध्येही जुना. तिथल्या गोलेस्तान प्रांतात २००४ ते २००८ या काळात चाळिशीपुढच्या सुमारे ५०,००० लोकांची नोंद करून पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २०१२ साली छापून आले: अफू घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.८६ पट, आणि त्यात हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यूही वाढलेले. बिडी-सिगारेटचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक राहिला. घरातल्या वादात हा आकडा उपयोगी पडतो. माझ्या अनुभवात तरी उपदेशापेक्षा जास्त.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अफूत मॉर्फिन असतं आणि मॉर्फिन वेदना झाकतं. त्यामुळे अशा माणसाला हार्ट अटॅक आला तरी छातीत पिक्चरमधल्यासारखी कळ येईलच असं नाही. घाम सुटतो, दम लागतो, जबडा किंवा डावा हात जड होतो, मळमळतं, चेहरा उतरतो. तो म्हणतो, गॅस झालाय. वर आणखी एक गोळी घेतो आणि त्याला बरं वाटतं. बरं वाटलं म्हणून थांबू नका. घाम आणि दम एकत्र दिसले की ईसीजी काढा. पहिली पट्टी नॉर्मल आली तरी डॉक्टर थोड्या वेळाने दुसरी काढायला आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, बघायला सांगतात. ते पैसे उकळायला नाही.

इथे एक शहाणा प्रश्न नेहमी येतो: "अटॅकमध्ये डॉक्टर स्वतःच मॉर्फिनचं इंजेक्शन देतात, मग अफू वाईट कशी?" देतात, कळ असह्य असेल तर, मोजून, मॉनिटर लावून. पण मॉर्फिनने रक्तवाहिनीतली गुठळी विरघळत नाही. शिवाय ते पोटाची हालचाल मंद करतं, म्हणून क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉरसारख्या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या रक्तात उशिरा पोचतात. अटॅकमध्ये तेवढा उशीरही महागात पडतो. म्हणून शेवटची गोळी कधी घेतली ते इमर्जन्सीत आधी सांगा.

तिसरं: घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. अँजिओप्लास्टी करून आलेल्या माणसाची डबी नाल्यात फेकून त्याला खोलीत कोंडलं, असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते २४ तासांत अंग मोडून येतं, जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, उलट्या, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर सर्वाधिक. धडधाकट माणूस यातून बहुतेक वेळा तरतो. पण नाडी आणि बीपी चढतात, जुलाबाने पोटॅशियम उतरतं आणि उलटीत स्टेंटसाठीच्या गोळ्या बाहेर पडतात. गोळी ओकून पडली तर ती परत द्यायची की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. चुकल्यासारखी सोडून देऊ नका.

जुलाब थांबवायला मेडिकलमधून लोपेरामाइड आणून मूठभर खाणारे आहेत. हे नक्की टाळा. ईसीजीच्या पट्टीवर आम्ही क्यूटी नावाचं अंतर मोजतो, हृदयाचे खालचे कप्पे एक ठोका मारून पुढच्यासाठी तयार व्हायला घेतात तो वेळ. नेहमीच्या वेगाने काढलेल्या कागदावर एक बारीक घर म्हणजे ४० मिलिसेकंद. नाडीच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केल्यावर हे अंतर ५०० च्या वर, म्हणजे साडेबारा घरांपुढे गेलं, की मी पट्टी हातात घेऊन थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरते. तिथून ठोके बेताल होऊन माणूस कोसळू शकतो. लोपेरामाइडचा मोठा डोस, अफूचं व्यसन सोडवायला वापरतात ते मेथाडोन, काही अँटिबायोटिक, उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन, मनोविकाराच्या काही गोळ्या, सगळ्यांनी ते लांबतं, आणि पोटॅशियम कमी असेल तर आणखी. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. नावं पाठ करायची गरज नाही.

मग सोडवायचं कसं? ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात विचारा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबरही आहे. डॉक्टर बहुधा अफूची तलफ आणि त्रास आवरणारं ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवायला देतात, तेही अंग मोडायला लागल्यावरच. आधी दिलं तर त्रास उलट उसळतो. सोडतानाचा त्रास कमी करायला क्लोनिडिन (हे बीपीही उतरवतं) दिलं तर विचारा, "बीपीची आणि नाडी कमी करणारी गोळी चालू आहे, चालेल ना?" दोन्ही मिळून नाडी फार खाली जाऊ शकते. हृदयाचे आणि व्यसनाचे डॉक्टर एकमेकांशी आपणहून बोलतील याची वाट बघू नका. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला तुम्हीच दाखवा.

रात्रीचं लक्ष वेगळं. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर अफू घेतली की धोका श्वासाला. घोरण्यात मध्येच लांब खंड पडणं, घशात घरघर, ओठ निळसर, हलवूनही जाग न येणं: १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि जमत असेल तर तोंडाने श्वास द्या, कारण इथे हृदय श्वासापाठोपाठ बंद पडतं. कांदा हुंगवणं, तोंडात लिंबूपाणी ओतणं यात वेळ जातो, पाणी फुप्फुसात जातं. रुग्णवाहिकेतल्या माणसाला "अफू" हा शब्द सांगा, म्हणजे नॅलॉक्सोनचा, अफूचा असर उतरवणाऱ्या औषधाचा, विचार लगेच होतो.

आणि जे दोन-तीन महिने सोडून परत लांबच्या फेरीवर निघालेत, त्यांच्या बाबतीत ढाब्यावरची पहिली गोळी सगळ्यात घातक. शरीराची सवय मोडलेली असते, पण हात जुनीच मात्रा उचलतो. गाडी निघायच्या आधी क्लीनरला हे सगळं समजावून ठेवा आणि त्याच्या मोबाइलमध्ये १०८ सेव्ह करून द्या.