डॉलरची बिलं आणि कंपनी काढायची घाई

परदेशी क्लायंटचं पहिलं काम मिळालं की घरातून हमखास प्रश्न येतो, "मग आता कंपनी काढणार का?" मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या क्लायंटसाठी वेब डेव्हलपमेंट करतो. नव्याने यात उतरणाऱ्या मुलामुलींचाही पहिला प्रश्न हाच असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: एकटे असाल, तर सुरुवातीला प्रोप्रायटरशिपच, म्हणजे वेगळी कंपनी न काढता स्वतःच्या नावावरचा धंदाच, बरी. तुमचा पॅन तोच धंद्याचा पॅन. फर्मच्या नावाने करंट खातं हवं असेल तर शॉप अ‍ॅक्टची पावती (दुकान-आस्थापना कायद्याखालची) आणि उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी, नोंदणी बँकेपुढे ठेवा. दहापेक्षा कमी माणसं असतील तर महाराष्ट्रात शॉप अ‍ॅक्टसाठी ऑनलाइन सूचना दिली की काम भागतं, आणि उद्यमला एक रुपयाही लागत नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट असतात, तिकडे फिरकू नका.

प्रायव्हेट लिमिटेड किंवा एकट्याची ओपीसी (वन पर्सन कंपनी) काढली, की एक रुपयाची कमाई नसली तरी दरवर्षी ऑडिट आलंच. एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) ऑडिट लागतं ते ४० लाखांच्या उलाढालीपुढे किंवा २५ लाखांच्या भांडवलापुढे, पण दोन भागीदार हवेत आणि नफ्यावर सरसकट ३० टक्के कर. शिवाय फ्रीलान्सरच्या सगळ्यात फायद्याच्या तरतुदीवर एलएलपी आणि कंपनी दोघांनाही पाणी सोडावं लागतं.

ती तरतूद म्हणजे जुन्या आयकर कायद्याचं कलम ४४एडीए. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, तरी सीएच्या ऑफिसात अजून सगळे ४४एडीएच म्हणतात. ठरावीक व्यवसायांत वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर त्यातला निम्मा भाग उत्पन्न धरायचा आणि निम्मा खर्च. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर हीच मर्यादा ७५ लाख, आणि परदेशातून रोख कोण पाठवतंय? खर्चाच्या पावत्या जपायच्या नाहीत, ऑडिट नाही.

हिशेब करून बघा. वर्षाला ३० लाख आले, खरा खर्च लॅपटॉप, इंटरनेट धरून तीन लाख. ४४एडीएने उत्पन्न १५ लाख. नव्या कर-पद्धतीत २०२५-२६ च्या दरांनी सेससह कर १,०९,२०० रुपये. खरा नफा २७ लाख दाखवला तर तोच कर ४,०५,६०० होतो. जमा २४ लाख असेल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल, तर उत्पन्न १२ लाख आणि रिबेटमुळे (करातल्या सवलतीमुळे) कर शून्य. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: होम लोन मागायला गेलात की बँक रिटर्नमधलं हे निम्मं उत्पन्नच धरते. तेव्हा कपाळाला हात लावू नका.

आयटी, इंजिनीअरिंग, आर्किटेक्चर, इंटिरिअर, अकाउंट्स हे ४४एडीएच्या व्यवसायांच्या यादीत आहेत. लेखन किंवा ग्राफिक डिझाइन करणाऱ्यांनी आपलं काम यादीत बसतं का, हे सीएकडून आधीच पक्कं करून घ्यावं.

"परदेशातलं काम, म्हणजे जीएसटी नाही," हे अर्धसत्य आहे. निर्यातीवर कर शून्य असला, तरी ती रक्कम उलाढालीत मोजली जाते. २० लाख ओलांडले की नोंदणी घ्यावी लागते. भाड्याच्या फ्लॅटवर नोंदणी करायची तर लाइट बिलासोबत घरमालकाचं संमतिपत्र लागतं, आणि तिथे भलेभले घरमालक कां-कूं करतात. भाडेकरार करतानाच विषय काढून ठेवा. नोंदणी झाली की एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरायचं. नाही भरलं तर आधी १८ टक्के आयजीएसटी (राज्याबाहेरच्या व्यवहारावरचा जीएसटी) खिशातून भरा आणि मग परताव्याच्या मागे लागा. इनव्हॉइसवर एक ओळ छापलेली हवी: 'सप्लाय मेंट फॉर एक्स्पोर्ट अंडर एलयूटी विदाऊट पेमेंट ऑफ आयजीएसटी'. ती टेम्प्लेटमध्येच टाकून ठेवा.

खरी मेहनत पैसे येतात त्या वाटेवर घ्यायची. डॉलर आले की बँक परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले त्याचा कोड, विचारते. सॉफ्टवेअर सल्ल्याच्या कामाला पी०८०२ लागतो. बँकेतल्या माणसाने घाईत घरखर्चासाठी आलेल्या पैशाचा कोड टाकला, तर कागदावर ती निर्यात राहत नाही, नातेवाइकाने पाठवलेली मदत होते. प्रत्येक रकमेची एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याची बँकेची पावती) त्याच आठवड्यात डाउनलोड करून इनव्हॉइसच्या नंबरने सेव्ह करायची, ही सवय मला सीएच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडली. फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्ममार्फत काम करत असाल तर त्यांनी कमिशन कापायच्या आधीची रक्कम ही तुमची जमा. क्लायंटने हजार डॉलर दिले आणि खात्यात नऊशे आले, तरी मोजायचे हजारच.

अमेरिकन क्लायंट डब्ल्यू-८बेन फॉर्म मागतो, तेव्हा घाबरू नका. आपण अमेरिकेचे नागरिक किंवा तिथले रहिवासी नाही, एवढं त्यात सांगायचं असतं. भारतात बसून केलेल्या कामाचं उत्पन्न तिथे अमेरिकेतलं धरत नाहीत, त्यामुळे कर कापायचा प्रश्न येत नाही. सही केलेल्या वर्षानंतरची तीन वर्षं संपेपर्यंत तो चालतो.

कंपनीचा विचार मी कधी करायला सांगतो? मोठा क्लायंट व्यक्तीशी करारच करत नसेल, भागीदार सोबत येत असेल, किंवा करारात नुकसानभरपाईची कलमं जड असतील तर. प्रोप्रायटरची जबाबदारी थेट त्याच्या घरादारापर्यंत पोचते, ही गोष्ट तेवढीच खरी. अमेरिकन करारातलं 'इन्डेम्निटी'चं (नुकसानभरपाईचं) पान म्हणून वाचाच, आणि भरपाईची कमाल मर्यादा आपल्या फीइतकीच ठेवा म्हणून मागून बघा. बरेच जण मान्य करतात.

महाराष्ट्रात वर्षाला अडीच हजारांचा व्यवसाय कर असतो, ३० जूनपर्यंत भरायचा. ४४एडीएवाल्यांचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स एकाच हप्त्यात, १५ मार्चच्या आत. आणि एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्याने, म्हणून मार्चमध्येच भरून टाका. त्यात दोन साक्षीदारांची नावं, पत्ते लागतात, आमच्या सोसायटीतले दोन काका आता मार्च आला की स्वतःच विचारतात, "सही कधी?" त्यांची सही लागत नाही हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.